ऐकणाऱ्यांची साक्ष

काही वर्षांपूर्वी आमचे एक वाक्य दोन तुकड्यांत गावभर फिरले. एक तुकडा काहींनी उचलला, दुसरा दुसऱ्यांनी. गंमत अशी की दोन्ही तुकड्यांतला शब्द न् शब्द आमचाच होता, त्यामुळे 'हे आम्ही बोललोच नाही' असे म्हणण्याचीही सोय उरली नव्हती.

प्रसंग साधा होता. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयाने आत्मचरित्रांवर चर्चासत्र ठेवले होते आणि आमच्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सोपवली होती. बोलण्याच्या ओघात आम्ही म्हणालो, ''स्मृतिचित्रे' ही धर्मांतराची कहाणी नाही असे म्हणणे सोपे आहे. पण धर्मांतर बाजूला ठेवून ती वाचता येत नाही.' आमचा रोख वर्गातल्या वाचनाकडे होता. विद्यार्थ्यांना त्या पुस्तकातले विनोदी प्रसंग आठवतात, टिळकांचा भोळा विक्षिप्तपणा आठवतो. पण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली, या दोन तारखांच्या मधली पाच वर्षे त्यांच्या ध्यानात राहत नाहीत. एका बाईच्या मनातला सोवळ्याओवळ्याचा गुंता धाग्याधाग्याने कसा सुटत गेला, हे त्या वर्षांतच वाचायचे असते. आमचे म्हणणे एवढेच होते.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वृत्तपत्रात मथळा आला तो वाक्याच्या उत्तरार्धाचा. धर्मांतर बाजूला ठेवून 'स्मृतिचित्रे' वाचताच येत नाही, असे वक्ते म्हणाले. त्यावर प्राचार्यांकडे एक पत्र गेले, की महाविद्यालयाचे व्यासपीठ हे प्रवचनाचे ठिकाण आहे काय? आठवड्याभराने ख्रिस्ती मंडळीच्या एका छोट्या पत्रकात पूर्वार्ध छापून आला, तोही 'असे म्हणणे सोपे आहे' एवढे शब्द गाळून. रविवारी उपासनेनंतर, ज्यांना आम्ही लहानपणापासून मावशी म्हणतो त्या बाईंनी दारातच आम्हाला अडवले. म्हणाल्या, ''अरे बाळा, टिळकांची भजनं म्हणत मोठा झालास. आता चार लोकांत त्यांचा बाप्तिस्मा सांगायची लाज वाटते होय तुला?''

आमच्या पाळकसाहेबांचा सल्ला होता की गप्प राहावे. लोकर कातरणाऱ्यापुढे मुक्या राहणाऱ्या मेंढराचे यशयाच्या ग्रंथातले चित्र त्यांनी आठवून दिले. आम्ही तीन आठवडे गप्प राहिलो. या तीन आठवड्यांविषयी खरे सांगायचे तर त्या मौनात नम्रता फारशी नव्हती, रुसवा होता. लोकांना आपली चूक आपोआप कळावी, त्यांनी ओशाळून यावे आणि आम्ही मोठ्या मनाने क्षमा करावी, असे नाटक मनात रोज रात्री वठत होते. ख्रिस्ताच्या मौनाची इतकी स्वस्त नक्कल आम्ही पूर्वी कधी केली नसेल.

उपवासकाळ चालू होता. दुःखसहनाचे अध्याय दरवर्षीप्रमाणे वाचायला घेतले, तेव्हा लक्षात आले की ज्या मौनाचा दाखला आम्हाला मिळाला होता ते एकसारखे मौन नाहीच. मार्कच्या शुभवर्तमानात खोट्या साक्षीदारांपुढे येशू गप्प राहतो. लूकमध्ये हेरोदापुढेही तो गप्प असतो. हेरोदाला उत्तर नकोच असते, चमत्काराचा खेळ पाहायचा असतो. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र हन्नापुढे शिपाई चपराक मारतो तेव्हा येशू चक्क विचारतो, की मी वाईट बोललो असेन तर ते काय ते दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मारतोस का? दुसरा गाल पुढे करायला शिकवणाऱ्याने स्वतःवर चपराक पडताच पुरावा मागितला आहे. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात तर मूर्खाला उत्तर देऊ नये आणि मूर्खाला उत्तर द्यावे, असे दोन्ही उपदेश लागोपाठच्या वचनांत आहेत. संकलन करणाऱ्याला ही विसंगती दिसली नसेल, असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. केव्हा काय, हे त्याने वाचणाऱ्यावर सोपवले आहे.

त्याहून अधिक वेळ आम्ही त्या खोट्या साक्षीपाशी रेंगाळलो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ती एकदा व्याकरणाच्या अंगाने पाहावी. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात मंदिराविषयी येशू जे बोलतो त्यात पाडण्याचे क्रियापद आज्ञार्थी आहे: तुम्ही पाडा, मी तीन दिवसांत उभारीन. आणि तो आपल्या देहाविषयी बोलत होता, असा खुलासा शुभवर्तमानकार लगेच करतो. मार्कच्या चौदाव्या अध्यायातले साक्षीदार सांगतात ते क्रियापद प्रथमपुरुषी भविष्यकाळी आहे. मराठीत हा फरक 'पाडा' आणि 'पाडीन' यांतला, शेवटच्या अक्षराचा. मंदिर तेच, तीन दिवस तेच, उभारणेही तेच. कोणी नवे वाक्य रचले नाही, फक्त कर्ता बदलला. साक्षीदारांचा आपसांत मेळ बसला नाही, असे मार्क नोंदवतो. तरी ते वाक्य मेले नाही. क्रुसाजवळून जाणारे लोक तेच वाक्य चिडवायला वापरतात, आणि पुढे प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनावर आरोप ठेवताना पुन्हा तेच वर येते. ज्याच्या तोंडी ते घातले गेले, त्याने खटल्यात ते एकदाही दुरुस्त केलेले नाही.

विपर्यास बहुधा असाच असतो. उघड खोटे सहसा फार टिकत नाही; टिकते ते थोडेसे हललेले खरे. हे कळल्यावर आम्ही आमचेच वाक्य पुन्हा तपासले, आणि जे दिसले ते काही सुखाचे नव्हते. ते वाक्य मधोमध दुभंगण्यासाठीच घडवले होते. आधी एक ठाम विधान, मग अर्धविराम, मग त्याला धक्का देणारे दुसरे विधान: टाळीसाठीची रचना. आणि टाळी पडलीही होती. भाजीच्या जुडीला जिथे दोरा बांधतात तिथेच ती सुटते, तसे ते सुटले. म्हणजे वृत्तपत्राचा दोष नव्हता असे नव्हे. तो होताच. पण सुटण्याची सोय आम्ही करून ठेवली होती.

याच दिवसांत आम्ही न्यूमनकडे वळलो. इंग्रजीच्या अभ्यासकांना हे प्रकरण ठाऊक असते, मराठीच्या वर्गात ते क्वचित निघते; म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १८६४ च्या जानेवारीत 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये जे. ए. फ्रूड यांच्या इंग्लंडच्या इतिहासावर एक परीक्षण आले, खाली फक्त 'सी. के.' ही अक्षरे. लेखक होते चार्ल्स किंग्जली; 'वॉटर बेबीज'चे कर्ते, केंब्रिजला आधुनिक इतिहासाचे प्राध्यापक आणि चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मोपदेशक. परीक्षणात जाता जाता त्यांनी म्हटले, की रोमन धर्मगुरूंना सत्याची सत्य म्हणून कधी किंमत नव्हती, आणि तशी ती असण्याची गरज नाही हे फादर न्यूमनच आपल्याला सांगतात. जॉन हेन्री न्यूमन १८४५ साली चर्च ऑफ इंग्लंड सोडून रोमन कॅथलिक झाले होते. त्या वेळी ते बर्मिंगहॅमला होते, वय त्रेसष्टच्या आसपास. त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहून एकच गोष्ट विचारली, की हे मी कुठे म्हटले आहे? किंग्जलींना नेमके वाक्य दाखवता आले नाही. त्यांनी मुख्यतः एका प्रवचनाकडे बोट दाखवले, 'शहाणपण आणि निष्कपटपणा' या विषयावरच्या. ते होते १८४३ सालचे. म्हणजे रोमन धर्मगुरू म्हणून दोषी ठरलेल्या माणसाने ते चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मोपदेशक असताना, ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये केले होते.

किंग्जलींनी फेब्रुवारीच्या अंकात दिलगिरी छापली, पण ती अशा शब्दांत की न्यूमननी आपल्या बोलण्याचा काही तरी अर्थ लावून दाखवला म्हणून आपण माघार घेत आहोत. न्यूमनना ती चालली नाही. त्यांनी सगळा पत्रव्यवहार छापला, किंग्जलींनी मार्चमध्ये उलट पुस्तिका काढली, आणि मग २१ एप्रिल ते २ जून दर गुरुवारी एक याप्रमाणे न्यूमननी सात पुस्तिका लिहिल्या. त्या एकत्र होऊन 'अपोलोजिया प्रो व्हिटा सुआ' झाली. कधी सलग सोळा तास, एकदा तर बावीस तास ते लिहीत होते आणि लिहिताना रडत होते.

आम्हाला यातली विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे उत्तराचे स्वरूप. आरोप खोटारडेपणाचा होता. अशा आरोपाला मुद्देसूद उत्तर देता येत नाही, कारण ते उत्तरही खोटारड्याचेच ठरते. न्यूमन याला विहिरीत विष कालवणे म्हणतात. त्यांनी मग वाक्याचा बचाव सोडला आणि आपल्या मनाचा सगळा इतिहास वाचकांपुढे मांडला. स्वतःपुरते असते तर कदाचित ते बोललेही नसते. त्यापूर्वी किती तरी वर्षे त्यांनी बरेच ऐकून घेतले होते. पण किंग्जलींच्या वाक्यात एका माणसाबरोबर सगळे धर्मगुरू खोटे ठरत होते, आणि न्यूमन गप्प राहिले असते तर त्यांच्या मौनाचा बोजा त्या सगळ्यांवर पडला असता.

न्यूमनना २०१९ साली संतपद मिळाले, म्हणून त्यांचे सगळेच वागणे आम्ही शिरोधार्य मानत नाही. पहिल्या दोन पुस्तिका फार बोचऱ्या आहेत. परिशिष्टात त्यांनी किंग्जलींचे 'डाग' मोजले आणि ते बरोबर एकोणचाळीस भरवले, चर्च ऑफ इंग्लंडच्या श्रद्धाकलमांइतके! १८६५ च्या आवृत्तीत त्यांनी हे सगळे काढून टाकले. १८७५ मध्ये किंग्जली वारले तेव्हा न्यूमननी त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण केली, आणि एका पत्रात लिहिले की ज्या माणसाला कधी पाहिले नाही त्याच्यावर मनापासून रागावणे आपल्याला जमलेच नव्हते. शांतपणे केलेल्या इन्काराला लोक खरे मानत नाहीत, म्हणून भाषा तिखट ठेवावी लागली. सत्यप्रियतेचा बचाव करताना रागाचा थोडा अभिनय करावा लागला, ही कबुली आम्हाला आजही खुपते. मिस्सेवर मात्र आमचा पूर्ण विश्वास आहे.

असो. आम्ही चार पानांचा खुलासा लिहून ठेवला होता. त्यात आमचेही पाच-सात 'डाग' मोजलेले होते. तो फाडला आणि दोन्हीकडे फक्त मूळ वाक्य त्याच्या मागच्यापुढच्या परिच्छेदासह पाठवले. वाक्याची घडण सदोष होती, एवढी एक ओळ खाली जोडली. एकांनी ते आतल्या पानावर छापले, दुसऱ्यांनी छापले नाही.

पण गोष्ट मिटली ती त्यामुळे नव्हे. चर्चासत्राला हजर असलेली एम. ए. ची एक विद्यार्थिनी आपली वही घेऊन आधी प्राचार्यांकडे गेली आणि नंतर, पत्ता शोधत, आमच्या पाळकसाहेबांकडे. तिने ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले होते. मुलगी ख्रिस्ती नव्हती, आमची फारशी लाडकीही नव्हती. तिच्या निबंधाला आम्ही दोनदा कमी गुण दिले होते. आम्ही आभार मानले तेव्हा ती म्हणाली, ''सर, मी तिथे होते ना.'' एवढेच.

या तीन शब्दांनी आम्हाला योहानाच्या अठराव्या अध्यायाकडे परत नेले. हन्ना शिकवणीविषयी विचारतो तेव्हा येशू स्वतःच्या शब्दांचे स्पष्टीकरण देत नाही. मी उघडपणे बोललो आहे, ज्यांनी ऐकले त्यांना विचारा, असे म्हणतो. आपल्या शब्दांची राखण तो ऐकणाऱ्यांवर सोपवतो. आणि ते कधी कधी अनपेक्षित हातांनीही होते. पंडिता रमाबाईंचेच पाहा. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा त्रैक्याच्या सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून केवढा वाद झाला! एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला रमाबाई तयार नव्हत्या, आणि जेराल्डीनना तो अहंकार वाटत होता. तरी रमाबाईंची ती पत्रे जपून, जुळवून ठेवली ती जेराल्डीननीच. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती प्रसिद्ध केली, म्हणून आज रमाबाई आपल्याला त्यांच्या पूर्ण वाक्यांत ऐकू येतात.

पण योहानाची रचना याहून निर्दय आहे. ज्यांनी ऐकले त्यांना विचारा, हे वाक्य आत उच्चारले जात असताना ज्याने सगळ्यात जास्त ऐकले तो पेत्र बाहेर अंगणात कोळशाच्या शेगोटीपाशी उभा आहे. शुभवर्तमानकाराने पेत्राच्या नाकारण्याचे दोन भाग केले आहेत आणि हन्नापुढची चौकशी त्यांच्या मधोमध ठेवली आहे. आत साक्षीदाराला हाक जाते आणि बाहेर साक्षीदार म्हणतो, तो मी नव्हे. वर्गात आम्ही ही रचना निवेदनतंत्राचा नमुना म्हणून अनेकदा शिकवली होती. त्या रात्री ती वाचताना आम्हाला आमचीच एक वही आठवली.

वीस-एक वर्षांपूर्वी, आम्ही नोकरीत नवे असताना, शिक्षकांच्या एका बैठकीत आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले होते, 'ही मुले लिहू शकत नाहीत असे म्हणणाऱ्या आपण सर्वांनी त्यांना लिहायला कधी लावले, हे आधी सांगावे.' वस्तीगावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी ते बोलत होते आणि त्यांच्या बाजूने बोलत होते. वरपर्यंत पोचले ते एवढेच, की ही मुले लिहू शकत नाहीत, असे सरांचे मत आहे. चौकशी बसली. बैठकीचे टिपण आम्ही घेतले होते, म्हणून आम्हालाही बोलावणे आले. आमच्या नेमणुकीचा कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात निघायचा होता. 'नेमके शब्द आठवत नाहीत,' असे आम्ही सांगितले. वही तेव्हा मांडीवरच्या पिशवीत होती. सरांची दुसऱ्या गावच्या शाखेत बदली झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. आम्ही कायम झालो. पुढल्या रविवारी आम्ही प्रभुभोजनही घेतले असणार. ते आठवतसुद्धा नाही.

वही शोधायला दोन दिवस लागले. ती घेऊन उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्यांच्याकडे गेलो. ते मुलाकडे राहतात, वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला थोडे कमी येते. आम्ही जे सांगायचे ते एकदा सांगितले, आणि त्यांना नीट ऐकू न आल्यामुळे पुन्हा मोठ्याने सांगावे लागले. स्वयंपाकघरात त्यांच्या सुनेच्या हातची भांडी वाजायची थांबली.

''वही तुमच्याकडे होती, हे मला तेव्हाही माहीत होतं,'' सर म्हणाले.

आम्ही काही बोललो नाही.

''आणलीय का? वाचा.''

आम्ही वाचले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, मग हाताने पुन्हा वाचा अशी खूण केली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाले, ''वाक्य फार लांब झालं हो. प्रश्न आधी विचारायला हवा होता.'' सूनबाई चहा घेऊन आल्या. निघताना आम्ही वही पिशवीत घालू लागलो तेव्हा त्यांनी हात पुढे केला. ''ती राहू द्या इथे,'' म्हणाले.